काजूची खळ

तातूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. फोनवर काकी होती. वाईट बातमी सांगताना माणसं आधी 'जेवलीस काय', 'बसलेली आसस मां' असं काहीबाही विचारतात. काकीने यातलं काही केलं नाही. "ह्ये गेले गो," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. लालबागच्या चाळीत पोहोचले तेव्हा गॅलरीत माणसं दाटली होती. खालच्या हॉटेलवाल्याने आपण होऊन चहाची किटली पाठवली होती. पोऱ्या किटली घेऊन उंबऱ्याशी आला, तशी काकाच्या उशाशी बसलेल्या काकीने मान वर केली. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचाच. "दुधाचो मां? मगे भायेर." झालं. एकेक जण उठून गॅलरीत गेला आणि चहा पिऊन पुन्हा आत येऊन रडायला बसला. पुण्याहून आलेल्या एका लांबच्या वहिनीने मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "यांच्यात सुतकात दूध चालत नाही का?" मी म्हटलं, "चालत नाही. चाळीस वर्षं झाली." त्या बाईने पुढे काही विचारलं नाही. पण तुम्हाला सांगायला हवं, कारण तातूकाकाबद्दल लिहायचं म्हणजे त्या दुधाबद्दलच लिहायचं.

तातूकाका माझ्या वडिलांचा मोठा भाऊ. त्याला आम्ही सगळी मुलं अरेतुरेच करायचो, आणि कोणी 'अहो काका' म्हटलं की तो मागे वळून कोण आलंय ते बघायचा. गिरणीत तो सायझिंग खात्यात होता. कापड विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ पाजावी लागते, नाहीतर मागावर ते तटातट तुटतं. ती खळ शिजवणं हे त्याचं काम. पीठ, पाणी आणि आणखी काय काय हौदासारख्या भांड्यात रटरटत असायचं आणि ती नेमकी कधी झाली हे तातूकाका सांगायचा. साहेब लोकांकडे त्यासाठी काचेची उपकरणं होती. काकाकडे अंगठा होता. अंगठा आणि पहिलं बोट खळीत बुडवायचं, बाहेर काढून दोन्ही हळूच विलग करायची, मधे जी तार सुटते ती किती लांबते नि कुठे तुटते ते बघायचं. उपकरणाचं आणि अंगठ्याचं जमलं नाही तर उपकरण दुरुस्तीला जायचं, असं तो सांगायचा. आम्ही ते निम्मं खरं धरायचो. गिरणीत जे काय असेल ते असो, घरी मात्र या अंगठ्याने उच्छाद मांडला होता. पिठलं, कढी, इडलीचं पीठ, सगळ्याची तार बघितली जायची. माझ्या आत्याच्या लग्नात त्याने व्याह्यांच्या पंगतीत श्रीखंडाची तार बघितली होती आणि "एक घाटणी कमी पडली" असा शेराही मारला होता. तो शेरा आत्याला पुढे बरीच वर्षं ऐकावा लागला.

या माणसाला दुधाचं वेड होतं. मालवणी माणूस म्हणजे मासे, असं लोक धरून चालतात. काका मासे खायचा, पण कर्तव्य म्हणून. जीव होता तो दुधावर. पाळी सुटली की नाक्यावर कढईतलं आटवलेलं दूध, वर सायीचा जाड तुकडा. पगाराच्या दिवशी काकीला घेऊन दादरच्या एका पंजाबी हॉटेलात मलई कोफ्ता. कोफ्ते काकीने खायचे, त्याने वाटी पुसून घ्यायची. "जगात दोनच चांगले पदार्थ," तो म्हणायचा, "एक मलई, आणि दुसरो मलईचो."

तर असा हा माणूस, आणि गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच आठवड्यात चाळीत सत्यनारायण होता. पूजा झाल्यावर आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. गाऱ्हाणं घालणारे म्हातारे त्या वर्षी गावी गेले होते म्हणून मान काकाकडे आला. मी तेव्हा दहा वर्षांची होते, पुढच्या रांगेत शिऱ्याकडे डोळे लावून बसले होते, त्यामुळे सगळं स्वच्छ आठवतं. सुरुवात ठीक झाली. "बा सत्यनारायणा, म्हाराजा! आज तुझी सगळी लेकरा तुझ्या पायाकडे जमलेली आसत, म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "संप सुरू झालो हा, त्येका यश दी, म्हाराजा!" व्हय म्हाराजा! इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण साठ-सत्तर गळे एकदम आपल्या शब्दावर 'व्हय' म्हणतायत हे सुख काकाने आयुष्यात पहिल्यांदाच अनुभवलं होतं. त्याला चेव आला. "गिरणीचो भोंगो परत वाजासर मी दुधाक तोंड लावचंय नाय, म्हाराजा!" म्हणजे भोंगा पुन्हा वाजेपर्यंत दूध बंद. चाळ दणाणली. व्हय म्हाराजा! "दह्याक लावचंय नाय, म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "ताकाक लावचंय नाय... लोण्याक लावचंय नाय... तुपाक लावचंय नाय..." प्रत्येक पदार्थाला आवाज चढत गेला आणि पदार्थ संपले तेव्हाच तो थांबला.

बायकांच्या बाजूला काकी पदराने घाम पुसत होती. "ह्येंका गाऱ्हाणा घालूक सांगलेला," ती माझ्या आईला म्हणाली, "ह्ये वाण्याची यादी वाचूक लागले." पाचच मिनिटांत भटजी तीर्थाची पळी घेऊन आले. तीर्थ म्हणजे पंचामृत, म्हणजे यादीतले तीन पदार्थ एकाच पळीत. काकाने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि तीर्थ डोळ्यांना लावून केसांना पुसलं. शिऱ्याचा द्रोण त्याने मला दिला. मला त्याचं गाऱ्हाणं फार आवडलं.

"पंधरा दिवसांचो तर प्रश्न," असं तो त्या दिवशी सगळ्यांना सांगत होता. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे सहा. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी गेली. ज्यांनी 'व्हय' म्हटलं होतं त्यांतले बरेचसे आता तिकडे भात लावत होते आणि काका इथे कोरा चहा पीत होता. काकीने घरात दूध आणणंच बंद केलं. त्याच्यासमोर आपण दुधाचा चहा प्यावा हे तिला जमेना. मग ती सकाळ-संध्याकाळ वाटी घेऊन 'मीठ मागायला' म्हणून दोन दारं सोडून आमच्या खोलीत यायची आणि आईने ठेवलेला दुधाचा चहा उभ्या उभ्या प्यायची. परत गेल्यावर काका गंभीरपणे विचारायचा, "मीठ मिळाला?" पण दिवसेंदिवस त्याचा चेहरा ओढत चालला होता. काम नाही, पगार नाही, आणि जिभेला ज्याची सवय तेही नाही. चिडचिड वाढली. काकीला धसका बसला होता तो वेगळाच. एक दिवस हा माणूस नाक्यावर जाऊन गुपचूप दूध पिईल, आणि मग आपला शब्द आपणच मोडला म्हणून स्वतःच्या नजरेतून कायमचा उतरेल. गिरणी गेली तर दुसरं काहीतरी बघता येईल, माणूस असा आतून मोडला तर काय करायचं? शब्दही राहिला पाहिजे आणि माणूसही, असा तिचा हिशेब होता. म्हणून तिने डोकं चालवलं.

काकीचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिथे काजूची झाडं होती, आणि संपात मुलीचे हाल चाललेत म्हणून तिचा भाऊ गावाहून येणाऱ्या गाडीने डबे पाठवायचा. तांदूळ पाठवायला त्याच्याकडे नव्हते, म्हणून काजू. त्या वर्षी त्या खोलीत भात पेज करून पुरवावा लागायचा आणि काजूगर मात्र पत्र्याच्या डब्यात गळ्यापर्यंत भरलेले होते. काकीने काजू वाटून मलईसारखं काहीतरी करायचं ठरवलं. नारळाचा रस होताच, पण त्याला नारळाचा वास, आणि काका म्हणायचा की त्यात मासा दिसत नसला तरी दिसतो.

पहिला प्रयत्न भाजलेल्या काजूंचा. सालंही काढली नव्हती. जे तयार झालं त्याचा रंग पाहून माझ्या वडिलांनी विचारलं, "हे भिंतीला लावायचंय का?" दुसऱ्या प्रयत्नात काका स्वतः उतरला आणि तिथेच घात झाला. इतके दिवस हाताला काम नव्हतं, आता समोर भांडं होतं, जाळ होता आणि शिजवायला काहीतरी पांढरं होतं. त्याने ते थेट खात्यातल्या पद्धतीने शिजवलं. दाटपणा यावा म्हणून त्यात चिंचोक्याचं पीठ घातलं, जे गिरणीत सुतासाठी घालत. तार सुरेख आली. अंगठा आणि बोट यांच्यात वीतभर तार धरून तो गॅलरीभर दाखवत फिरला. तोवर कढईत डाव उभाच्या उभा राहिला होता, तो कढईसकट उचलता येत होता. ती खळ कोणी खाल्ली नाही, पण पुढे गणपतीत आमच्या मंडळाच्या मखराचे सगळे कागद तिने चिकटवले आणि विसर्जन झाल्यावर ते मखर मोडायला करवत आणावी लागली. तेव्हापासून त्या पदार्थाला आमच्या घरात 'खळ' हेच नाव पडलं. पाहुण्यांना "थोडी खळ वाढू?" असं विचारलं की ते दचकतात.

मग मात्र दोघं नवरा-बायको हट्टाला पेटली. काकी वाटणार, काका शिजवणार. कच्चे पांढरे काजू कोमट पाण्यात निदान चार तास भिजत घालायचे. भाजायचे नाहीत, कारण भाजले की चव छान लागते पण मलई रुसते. पाट्यावर अगदी थेंबथेंब पाणी घालून वाटायचे. एकदम पाणी ओतलं की काजू वरवंट्याखालून पळतो आणि कणी राहते. दोन पांढरे कांदे आणि लसणीच्या दोन पाकळ्या उकडून त्यातच वाटायच्या. मग गिरणीच्या दुकानातून आणलेल्या मलमलीच्या तुकड्यातून ते गाळायचं. इथे काका कोणाचं ऐकायचा नाही. "गाळल्याशिवाय खळ म्हणजे नुसती चटणी." मग मंद जाळावर ठेवून एकाच दिशेने ढवळायचं, कडेला चिकटायला लागली की गरम पाणी घालायचं, गार पाणी कधीच नाही. मीठ, मधे चीर दिलेली एक हिरवी मिरची, जी नंतर काढून टाकायची, आणि जाळ बंद केल्यावर लिंबाचे चार थेंब. सगळ्यात मोठं गुपित म्हणजे थांबायचं कधी. "कढईत पातळ वाटली काय थांबायचा," तो सांगायचा. "घट्ट ती ताटात आपसूक होता." उकडलेल्या बटाट्यावर, कच्च्या केळ्याच्या कोफ्त्यावर, अंड्यावर ती खळ अशी काही बसायची की दादरचं हॉटेल विसरावं. एकदा उत्साहाच्या भरात त्याने ती बोंबलावर घातली. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात बोललं जात नाही.

पहिल्यांदा नीट जमली त्या संध्याकाळी काकाने बोट चाटलं, डोळे मिटले, पुन्हा बोट बुडवलं आणि म्हणाला, "मलईपेक्षा बरी." काकी आमच्या खोलीत मीठ मागायला आली ती चक्क रडत आली. आईने तिला दोन कप चहा दिला.

पण संपाच्या दिवसांत काजूचा वास लपत नाही. कोणीतरी पुडी सोडली की तातू काजूची ग्रेव्ही खातो, म्हणजे चोरून कामावर जातो. त्या काळात याहून मोठी शिवी नव्हती. युनियनचे तीन कार्यकर्ते चौकशीला आले. सगळे ओळखीचे, पण तोंडं अनोळखी केलेली. "तातू, काजू खंयसून येतत?" काकाने डबा दाखवला, मेव्हण्याचं पत्र दाखवलं, गाऱ्हाण्याची आठवण करून दिली. त्यांतला एक त्या पूजेला 'व्हय म्हाराजा' म्हणायला होताच. "मेल्या, तुझ्याच 'व्हय'पायी मी हे काजू चावतंय," काका त्याला म्हणाला. काकीने तिघांना पाव आणि खळ दिली. तिघांनी वाट्या पुसून खाल्ल्या, आपसात काहीतरी कुजबुजले आणि चौकशी अजून पुरी झालेली नाही असं सांगून गेले. त्यानंतर ती चौकशी दर शुक्रवारी व्हायची. शेवटी काजू संपले तेव्हा काका निर्दोष ठरला.

संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. तो विरत गेला. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजायला लागले, काकाच्या गिरणीचा वाजला नाही. गेटला कुलूप, आत गवत. तो गिरगावातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये आचाऱ्याच्या हाताखाली लागला. तिथे त्याचं मोठं नाव झालं, कारण बासुंदी आटली की नाही हे तो न चाखता सांगायचा. 'तोंड लावणार नाही' असं म्हटलं होतं, अंगठ्याबद्दल काही बोललो नव्हतो, असा त्याचा युक्तिवाद. उन्हाळे-पावसाळे गेले. आम्ही सगळ्यांनी त्याला समजावून पाहिलं. भटजींनी तोड सुचवली, एक छोटं उद्यापन करू, देवाची क्षमा मागू. काका म्हणाला, "देव क्षमा करीत हो. पण 'व्हय' म्हटलेली साठ माणसा, त्येंका खंय शोधतलास?" मी तोवर कॉलेजात गेले होते आणि मला सगळं कळायला लागलं होतं, निदान तसा माझा समज होता. मी त्याला सुनावलं की हा नुसता हट्ट आहे. "व्हय म्हाराजा," तो हसून म्हणाला.

आणि मग काकीने भोंग्याचा बेत केला. संपाला बारा-तेरा वर्षं झाली होती. गिरणीतली यंत्रं भंगारात निघाली आहेत अशी बातमी आली. माझे वडील माझगावला गोदीत फिटर होते. काकी त्यांच्याकडे गेली नि म्हणाली, "भावजी, तो भोंगो खंय गावता काय बघा. ह्येंनी भोंगो वाजासर म्हटला, गिरणी चालू होयसर म्हणूक नाय. एकदा वाजलो की सुटले." वडिलांनी दारूखाना नावाच्या भंगारबाजारातले सगळे भंगारवाले पालथे घातले आणि एकाकडे तो सापडला. हातभर लांबीचा पितळी भोंगा, काळा पडलेला. भंगारवाल्याने शपथेवर सांगितलं की तो त्याच गिरणीचा आहे, आपण स्वतः छपरावरून उतरवलाय. वाफ कुठून आणायची हा प्रश्न होता, पण नेमकी त्याच सुमारास आमच्या गल्लीत रस्ता खोदायला हवेचा कॉम्प्रेसर आणून ठेवला होता. मुकादमाला वडिलांनी पटवलं. काय सांगून पटवलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रविवारी सकाळी सात वाजता, म्हणजे पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला, वडील आणि मी खाली कॉम्प्रेसरजवळ उभे होतो. वर खोलीत काका कोरा चहा पीत बसलेला आणि काकी साळसूदपणे भाकऱ्या भाजत असलेली. वडिलांनी झडप उघडली. आधी नुसता फुसका वारा, मग एक खोकला, आणि मग तो वाजला... कबुतरं उडाली, तीन कुत्री एकदम रडायला लागली, समोरच्या चाळीतले लोक गॅलऱ्यांत धावले. एक म्हातारे गृहस्थ रस्त्यात उभ्या उभ्या रडायला लागले. मुकादमाला वाटलं त्याचं मशीन फुटलं. पूर्ण एक मिनिट वाजवून आम्ही जिन्यावरून धावत वर गेलो. मागून निम्मी चाळ.

काका खुर्चीत बसला होता. हातात कप. आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "ह्यो आपलो नाय."

"म्हणजे?" वडील धापा टाकत होते.

"आपलो भोंगो शेवटाक जरा घसरता. ह्यो सरळ गेलो. ह्यो दुसऱ्या खंयच्या तरी गिरणीचो." आणि त्याने चहाचा घोट घेतला.

भाकरी तव्यावर करपली होती. काकी काही बोलली नाही. पुढचे दोन दिवसही बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी तिने काजू भिजत घातले. माझ्या वडिलांनी सगळा राग त्या भंगारवाल्यावर काढला. वर्षभर ते दर महिन्याला दारूखान्यात जाऊन त्याला खोटारडा म्हणून यायचे, आणि तो बिचारा दर महिन्याला नव्याने शपथ घ्यायचा.

त्यानंतर कोणी काकाच्या वाटेला गेलं नाही. पाट्याच्या जागी मिक्सर आला, काका आजोबा झाला. माझी लेक सानिका परळच्या एका उंच इमारतीत नोकरीला लागली, काकाच्याच गिरणीच्या जागेवर. एक दिवस येऊन म्हणाली, "आजोबा, मी व्हीगन झाले."

"म्हणजे काय?"

"दूध, दही, ताक, लोणी, तूप, काही म्हणजे काही नाही."

काका सरसावून बसला. "गाऱ्हाणा कोणी घातल्यान?"

तिला काही कळेना. "कधीपर्यंत?" त्याने विचारलं. ती म्हणाली, कायमचं. काकाने तिच्याकडे मोठ्या कणवेने पाहिलं. "मुदत घालूक व्हयी होती गो," तो म्हणाला. तिने त्याला मोबाइलवर एका गोऱ्या बाईचा व्हिडिओ दाखवला, बिनदुधाचा काजूचा क्रीमी सॉस, घरच्या घरी. बाईने काजू भिजवले, मिक्सरमधून काढले आणि तसेच शेवयांवर ओतले. "गाळल्यान नाय," काका मोबाइलला म्हणाला, "गाळल्यान नाय! परत पाठव म्हणा." मग सानिका हौसेने आम्हाला गिरणीच्या आवारातल्या हॉटेलात घेऊन गेली. जुनी शेड तशीच ठेवून आत टेबलं मांडली होती. तोच सॉस आला, पांढऱ्या मोठ्या बशीत मधोमध चमचाभर. काकाने अंगठा बुडवला, तार पाहिली, वेटरला दाखवली आणि त्याला पाण्याचं प्रमाण समजावून सांगितलं. निघताना एका लोखंडी खांबावर हात ठेवून तो जरा थांबला. "खांब आपले हत," म्हणाला. मी टॅक्सी बघायला पुढे गेले.

आमची शेवटची भेट परळच्या हॉस्पिटलात झाली, दुपारची. नर्सने दुधात कालवलेली कसली तरी ताकदीची पावडर आणून ठेवली होती आणि काकाने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. ऐंशी पार केलेला माणूस, अंगावर मांस नाही. मला राग आला. वर्गातल्या मुलावर ओरडावं तशी मी ओरडले. "काका, बास आता. ती गिरणी राहिली नाही, तो मालक राहिला नाही, 'व्हय' म्हणणाऱ्यांतलं कोणी उरलं नाही. कोण बघतंय तुला? पी ते दूध."

त्याने मान वळवली. "बस," म्हणाला. मी बसले. मग तो म्हणाला, "तो भोंगो आपलोच होतो."

"कुठला?"

"तुझ्या बापाशीन वाजवलेलो. पयल्या फुंकीक वळाखलंय मी."

मग इतकी वर्षं... मी विचारलं, मग तेव्हा 'आपलो नाय' असं का म्हणालास?

"भोंगो वाजल्यार कामाक जावचा लागता गो," तो म्हणाला. "मी जातलंय खंय?" थोडा दम खाल्ला. "काकीक सांगू नको. तिना खूप खटपट केल्यान." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपला. मी त्या दुधाच्या पेल्याकडे बघत बसले होते. नर्स आली आणि मला ओरडली, पेशंटने नाही घेतलं तर सांगायचं तरी. चार दिवसांनी तो गेला.

माझ्या वडिलांना हे कळायला हवं होतं, त्या भंगारवाल्याला तर नक्कीच. दोघंही आता नाहीत. राहिली काकी. काकाने सांगू नको म्हटलं होतं आणि मी तेराव्यापर्यंत कशीबशी कळ काढली. गेल्या रविवारी गेले तर ती ओट्याशी उभी राहून खळ ढवळत होती, एकाच दिशेने. मी म्हटलं, "काकी, आता तुझ्यासाठी दूध आणत जाऊ का घरात?" ती म्हणाली, "बघूया, काजू संपांदेत." मग मला राहवलं नाही. चाळीस वर्षं या बाईने त्या माणसापायी आपला चहा दुसऱ्याच्या घरी उभ्याने प्यायला होता, तिला खरं कळायला नको? मी सगळं सांगून टाकलं. भोंगा खराच होता आणि काकाने तो ओळखला होता.

तिचा हात थांबला नाही. "माका म्हायत हा," ती म्हणाली.

"काका बोलला तुला?"

"ह्ये कसले बोलतत. भोंगो वाजलो तसो कप खाली ठेवल्यानी आणि उठले. खुटयेवरचो शर्ट घातल्यानी, पायात चपला सारल्यानी, दारापर्यंत गेले. थंय तसेच उभे रवले... मगे शर्ट काढल्यानी, परत खुटयेक लावल्यानी आणि येवन बसले. तवसर तुमी वर इलास."

"आणि तू काहीच बोलली नाहीस? तू मागेच उभी होतीस ना?"

काकीने गॅस बंद केला. कढईत खळ अजून पातळ दिसत होती.

"मी काय बोलतलंय गो," ती म्हणाली. "माझ्या हातात त्येंचो डबो होतो. भोंगो वाजलो तशी मी दोन भाकऱ्यो भरून मोकळी झाललंय."